गिअरबॉक्स बदलला तरी टॉप गिअर सुटतोच

जुन्या ट्रकला दुसऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स बसवला. क्लच नीट कटतो, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे गिअर गुपचूप लागतात, रिकाम्या गाडीने गावाला एक चक्करही होते. मग थोडा माल भरून गाडी डांबरी रस्त्यावर काढली, टॉप टाकला, उतारावर रेसवरचा पाय उचलला आणि लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला येऊन बसला. ड्रायव्हर म्हणतो, "बाकी समदे गेर बरोबर हायेत भाऊ, टाप टाकला का फेकते." बहुतेक ड्रायव्हर मग एक हात लिव्हरवर दाबून गाडी चालवायला शिकतात, आणि त्या दाबाने बॉक्सच्या आतला, गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क घासून निघतो. म्हणजे एका आजाराचे दोन झाले.

अशी गाडी गॅरेजला आली की बॉक्स उतरवतात, खोलतात, स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी बांधणारी सरकती, दातेरी रिंग) बदलतात, फोर्क बदलतात, वरच्या झाकणातल्या, गिअर जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा नव्या टाकतात. गाडी काही दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा खोलल्यावर नवी स्लीव्हही एका बाजूने गोल झालेली दिसते. तेव्हा दोष पार्टवाल्याला, डुप्लिकेट माल दिला म्हणून. माल डुप्लिकेट असतोही कधी कधी, पण या तक्रारीत गुन्हेगार बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. फक्त टॉप सुटत असेल, जोडीला पायलट बेअरिंग वारंवार जात असेल आणि क्लच प्लेटच्या हबचे रिव्हेट ढिले होत असतील, तर बॉक्स खोलायच्या आधी इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं सेंटर तपासा, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघा. या लेखातला मोठा भाग त्यावरच आहे.

टॉपच का सुटतो

जुन्या ट्रकांच्या ज्या बॉक्समध्ये टॉप डायरेक्ट असतो, त्यात खालच्या सगळ्या गिअरांची ताकद इंजिनकडून बॉक्समध्ये येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवरून खाली लेअर शाफ्टवर जाते आणि तिथून परत वर मेन शाफ्टवर येते. टॉपमध्ये हा फेरा नसतो. स्लीव्ह सरकते आणि ड्राइव्ह शाफ्टला मेन शाफ्टशी सरळ बांधून टाकते. दोन्ही शाफ्ट एका रेषेत असतील तर स्लीव्ह जागेवर निवांत बसते.

ड्राइव्ह शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये असतं आणि मागचा भाग बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये. बॉक्सचं सेंटर क्रँकच्या सेंटरपासून पाव मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी शाफ्ट तिरका धरला जातो. इंजिन फिरतं तसं स्लीव्हच्या दातांवर दर फेऱ्यात एकदा इकडून आणि एकदा तिकडून ओढ बसते. हजारो फेऱ्यांमध्ये ती स्लीव्ह कणाकणाने मागे चालत जाते. ताण असेपर्यंत दात एकमेकांना घट्ट धरून असतात. पाय उचलला की ताणाची दिशा पलटते, पकड क्षणभर सुटते आणि स्प्रिंगच्या गोळीला ती थोपवता येत नाही. म्हणून चढावर टिकलेला टॉप उतारावर सुटतो. खालच्या गिअरांतही शाफ्ट तिरकाच असतो, पण तिथे हा सरळ जोड वापरात नसल्याने लिव्हर सुटत नाही. फार तर आवाज वाढतो.

आता ज्या तक्रारी याच्यासारख्या दिसतात पण या नाहीत, त्या आधी बाजूला काढू. फक्त तिसरा किंवा फक्त चौथा सुटत असेल तर दोष बॉक्सच्या आतच आहे, त्या गिअरच्या डॉगचे (स्लीव्ह ज्यात अडकते ते) दात किंवा त्याचा फोर्क. गिअर कुठलाही असो, खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो, असं असेल तर लिव्हर बघा. दुसऱ्या गाडीच्या बॉक्सचा लिव्हर दोन-तीन इंच पुढे-मागे येतो, केबिनच्या फ्लोअरचं भोक मूळ बॉक्ससाठी कापलेलं असतं, आणि गिअर पूर्ण बसायच्या आधीच लिव्हर पत्र्याला टेकतो. वरून बघितलं तर गिअर लागल्यासारखाच दिसतो. फ्लोअरचा पत्रा आणि रबर काढून ठेवा, गिअर टाका, लिव्हरच्या चारही बाजूंना बोटभर मोकळी जागा आहे का बघा. इंजिनची रबरं बसलेली असतील तर ताणाखाली इंजिन कलंडतं आणि हीच जागा संपते, त्यामुळे ही परीक्षा उभ्या गाडीत पास आणि रस्त्यावर नापास होऊ शकते. क्लच दाबून थोडं थांबल्यावरही रिव्हर्स करकर करत लागत असेल, तर पायलट बेअरिंग जाम होऊन ड्राइव्ह शाफ्टला सोबत फिरवतंय का किंवा प्लेटचा हब शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबीतल्या खाचांवर) अडकतोय का, ते बघा. दोन्हींचं मूळ पुन्हा सेंटरमध्येच सापडू शकतं.

अदलाबदलीतच हे का होतं

कंपनीतून निघालेल्या गाडीत हा आजार क्वचित दिसतो, कारण इंजिनाचा ब्लॉक, फ्लायव्हील हाउसिंग आणि क्लच हाउसिंग यांची जुळणी डॉवेल पिनांनी पक्की केलेली असते. बोल्ट फक्त आवळतात, जागा ठरवते ती डॉवेल. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा साधारण मिलिमीटरभर मोठी असतात. डॉवेल नसेल किंवा ढिली असेल, तर हाउसिंग त्या मिलिमीटरभर जागेत कुठेही बसू शकते. बसते मात्र बहुतेक वेळा खालीच, कारण बॉक्सचं वजन खाली ओढतं.

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. विदर्भात शेतात, जिनिंगच्या मागे, लाकडाच्या डेपोजवळ उभ्या असलेल्या ज्या गाड्या आता लोक बाहेर काढून सजवतात, त्यांतली एखादीच मूळ स्थितीत असते. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला. तोवरच्या टाटा-मर्सिडीज गाड्यांच्या तोंडावर तारा असायचा. त्यांचे पार्ट त्या मानाने मिळतात. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज आणि फार्गो, किंवा हिंदुस्तान मोटर्सच्या बेडफर्ड, यांतल्या कित्येक पेट्रोल गाड्यांना पुढे पर्किन्सचं पी-६ डिझेल इंजिन बसवलं गेलं. पेट्रोलच्या गाडीचा बॉक्स आणि डिझेलचं इंजिन यांच्यामध्ये मग एक जाड अडॅप्टर प्लेट आली. ती कुठल्या लेथवर, कोणी, किती काळजीने कापली, याचा कागद कुठेही नाही. अशा गाडीचा बॉक्स तुम्ही तिसऱ्या गाडीला लावता तेव्हा त्या प्लेटची चूकही सोबत येते. एक्स्ट्रा प्लेट दिसली की ती आधी मोजायची, मग पुढचं काम.

कागदाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. आरसी बुकात इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे नुसता बॉक्स बदलल्याने आरटीओत काही अडत नाही. केंद्राने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, पण ते दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू आहेत, मालट्रक त्यात बसत नाही. व्हॉट्सअॅपवर याच्या उलट काहीबाही फिरत असतं.

तिसरं कारण रिस्टोरेशनवाल्यांचं स्वतःचं, आणि ते मला सगळ्यात जास्त दिसतं: रंग. ब्लास्टिंग करून, प्रायमर मारून, वर दोन हात चकचकीत रंग देऊन हाउसिंग आणतात. फोटोला छान. पण ज्या तोंडावर दुसरी हाउसिंग टेकणार, त्या तोंडावरही रंग चढलेला असतो, तो एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला ओघळलेला. बोल्ट आवळले की रंग दबतो आणि गाडी चालून गरम झाली की आणखी दबतो, म्हणजे बोल्ट ढिले. जोडाची तोंडं, डॉवेलची भोकं आणि मधलं गोल रजिस्टर (समोरचा तुकडा ज्यात बसून सेंटर धरतो ते भोक) यांवर मास्किंग टेप लावल्याशिवाय पेंटरकडे काहीही पाठवू नका. पाठवून झालं असेल तर थिनर, पत्र्याची पट्टी आणि शेवटी बारीक ऑइल स्टोन. ग्राइंडर लावायचा नाही.

बॉक्स विकत घ्यायच्या आधी

भंगारात बॉक्स पसंत करताना लोक गिअर फिरवून बघतात आणि भाव करतात. त्याआधी व्हर्नियर आणि टेप काढा. ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइन मोजा आणि बाहेरचा व्यास घ्या. जड ट्रकांत १० स्प्लाइनचा पावणेदोन इंची आणि १० स्प्लाइनचा दोन इंची, असे दोन्ही शाफ्ट सापडतात आणि डोळ्यांना ते सारखेच वाटतात. हाउसिंग एसएई (ठरलेल्या प्रमाणित) मापाची असेल तर गोल रजिस्टरचा व्यास सरळ सांगतो: एक नंबरला ५११.२ मिमी, दोन नंबरला ४४७.७, तीन नंबरला ४०९.६. सगळ्या जुन्या गाड्या या मापात नसतात, म्हणून "बोल्ट बसतात ना" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. बोल्ट बसणं आणि रजिस्टर बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉक्सच्या पुढच्या बेअरिंग कव्हरचा गोल उंचवटा हाउसिंगच्या भोकात घट्ट सरकला पाहिजे. दुसऱ्या गाडीच्या बॉक्सचा उंचवटा भोकापेक्षा अर्धा मिलिमीटर जरी लहान असला, तर बॉक्स फक्त बोल्टांवर लटकतो आणि पाव मिलिमीटर खाली बसतो. अदलाबदलीत ही गोष्ट फार ठिकाणी सापडते आणि सगळ्यात सोपी आहे. लेथवाल्याकडून नेमक्या मापाची रिंग करून उंचवट्यावर चढवली की काम संपतं.

तिसरं माप शाफ्टच्या टोकाचं. बॉक्सच्या तोंडापासून शाफ्ट किती पुढे येतो, आणि हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून पायलटच्या भोकाचा तळ किती खोल आहे. टोक बेअरिंगमध्ये पूर्ण गेलं पाहिजे पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर सतत दाब येतो आणि मग इंजिनच खोलावं लागतं. मोजमापाचा भरवसा नसेल तर बेअरिंग बसवायच्या आधी पायलटच्या भोकाच्या तळाशी घट्ट मळलेल्या कणकेचा छोटा गोळा चिकटवा, क्लच न लावता बॉक्स जागेवर घाला, परत काढा आणि कणीक किती दबली ते बघा. कणकेत तळापर्यंत खड्डा पडला असेल तर शाफ्ट लांब आहे. अजिबात ठसा नसेल तर आखूड असण्याची शक्यता आहे, मग टेपने पुन्हा मोजा. नंतर भोक स्वच्छ पुसायला विसरू नका.

डायल गेज लावून सेंटर बघणं

बॉक्स उतरवा, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट काढा. आता मागून फ्लायव्हील आणि त्याच्याभोवती हाउसिंगचं गोल भोक दिसतं. चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवायचा आणि डायलचं टोक हाउसिंगच्या रजिस्टरच्या आतल्या भिंतीला टेकवायचं. स्टँडची काठी जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. लांब काठी वर असताना एक आणि खाली लटकली की दुसरंच दाखवते.

इंजिन फिरवायला पुढच्या पुलीच्या नटला मोठा पाना लावा. इंजेक्टर काढून ठेवले तर कॉम्प्रेशन आडवं येत नाही आणि एक माणूस हळूहळू फिरवू शकतो. स्टार्टरने फिरवायचं नाही, डायल तर जाईलच, बोटही जाईल. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या जागांवर खडूने खुणा करा. १२ वर डायल शून्याला आणा आणि एकाच दिशेने फिरवत चारही जागांची रीडिंग वहीत लिहा. पूर्ण फेरा करून परत १२ वर आल्यावर डायलने शून्यच दाखवलं पाहिजे. दाखवत नसेल तर स्टँड सरकला आहे, पुन्हा सुरुवात.

समजा १२ वर शून्य आणि ६ वर अधिक ०.४६ मिमी आलं. अधिक म्हणजे टोक आत दाबलं गेलं, म्हणजे खालची भिंत क्रँकच्या सेंटरला जास्त जवळ आहे, म्हणजे हाउसिंग वर बसली आहे. किती वर, तर ०.४६ नाही, त्याच्या निम्मी, ०.२३. डायल दोन्ही बाजूंचा फरक एकत्र दाखवतो. हा निम्म्याचा हिशेब विसरून लोक हाउसिंग दुप्पट सरकवतात आणि चूक तेवढीच राहते, फक्त दुसऱ्या बाजूला. ३ आणि ९ चा हिशेब असाच.

जड ट्रकांच्या गिअरबॉक्ससाठी रजिस्टरच्या भोकाची मर्यादा पूर्ण फेऱ्यात ०.२० मिमी धरतात, लेथवाल्यांच्या भाषेत आठ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हाउसिंगच्या तोंडालाही तेवढीच, फ्लायव्हीलच्या तोंडालाही तेवढीच. पायलटच्या भोकाला पाच थाउ, म्हणजे ०.१३ मिमीच्या आसपास. तुमच्या गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा घ्या.

तोंडाचं रीडिंग घेताना डायलचं टोक सपाट तोंडावर, बोल्टच्या वर्तुळाच्या थोडं आत ठेवायचं. इथे एक गोष्ट सांभाळा. क्रँकला पुढे-मागे थोडी खेळी असते आणि ती या रीडिंगमध्ये मिसळते. दर वेळी रीडिंग घेण्याआधी क्रँक पुढच्या बाजूला दाबून धरा, म्हणजे ती खेळी हिशेबातून जाते. फ्लायव्हील मागून हाताने दाबलं तरी पुरतं.

आता आपल्या उन्हाचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड एका अंशाला, मिलिमीटरमागे, मिलिमीटरच्या साधारण ११ दशलक्षांश भागाने फुगतं. साडेचारशे मिलिमीटरची हाउसिंग २० अंशांनी तापली तर व्यासात जवळपास ०.१० मिमी फरक पडतो, आणि अॅल्युमिनियमची असेल तर त्याच्या दुप्पट. सगळी हाउसिंग सारखी तापली तर सेंटर हलत नाही. पण मे महिन्यात टिनाच्या शेडखाली एका बाजूने ऊन येत असेल, तर एक बाजू फुगते, दुसरी नाही, आणि तुमच्या मर्यादेतला मोठा हिस्सा उन्हातच जातो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा, रात्रभर गार झालेल्या गाडीवर. दुपारी घेतलेली रीडिंग सकाळच्या रीडिंगशी जुळत नाहीत म्हणून डायललाच दोष देणारे मी पाहिले आहेत.

चुंबकी स्टँडसकट डायल गेज बहुतेक वेळा एका नव्या क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडतो. तरी तालुक्याच्या गॅरेजांत तो क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच हा आजार वारंवार होतो असं माझं मत आहे.

सेंटर आणायचं कसं

आधी स्वस्त उपाय. हाउसिंग पूर्ण उतरवा आणि ब्लॉकचं तोंड व हाउसिंगचं तोंड दोन्ही उघडं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. डॉवेलच्या भोकांच्या कडांना उठलेली बर स्टोनने काढा. चुकून राहिलेलं पॅकिंग, गॅस्केटचा तुकडा, वाळलेलं सिलिकॉन, सगळं काढा. जिथे कंपनीने पॅकिंग दिलेलं नाही तिथे आपण घालायचं नाही. परत बसवून मोजा. निम्म्या गाड्या इथेच जागेवर येतात असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याच येतात.

नाही आली तर डॉवेल काढून टाका. हाउसिंगचे बोल्ट हाताने घट्ट होतील इतपत ठेवा आणि तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने हाउसिंग सरकवा. वरच्या उदाहरणात ती खाली आणायची आहे, तर वरून ठोका द्यायचा आणि डायलवर ०.२३ चा फरक पडेपर्यंत थांबत थांबत ठोकत राहायचं. डायल लावलेलाच ठेवून ठोकलं तर काटा सरकताना दिसतो, पण धक्क्याने स्टँडही हलू शकतो. म्हणून ठोकून झालं की एक पूर्ण फेरा घेऊनच विश्वास ठेवायचा. मर्यादेत आलं की बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना ती सरकतेच. चार-सहा वेळा आवळणं-सोडणं होईल, चिडून उपयोग नाही.

पूर्ण आवळल्यावरही रीडिंग मर्यादेत राहिलं की डॉवेलचं काम. दोन्ही तुकडे जोडलेले असतानाच डॉवेलची भोकं रीमरने एकत्र मोठी करायची आणि त्या नव्या मापाच्या पिना लेथवर करून घ्यायच्या. जुनं भोक इतकं सरकलं असेल की रीमर साफ करू शकत नाही, तर ते सोडून द्या आणि दोन बोल्टांच्या मधे नवी जागा बघून तिथे भोक पाडा. समोरासमोर दोन डॉवेल पाहिजेत, एकीने भागत नाही. पिना न टाकता नुसत्या बोल्टांवर गाडी सोडली तर पहिल्या भरलेल्या खेपेत सेंटर पुन्हा गेलं म्हणून समजा.

तोंडच तिरपं असेल, म्हणजे दोन्ही तोंडं साफ करूनही तोंडाचं रीडिंग मर्यादेबाहेर असेल, तर पत्र्याचे शिम घालून ते सरळ करायचा मोह टाळा. अर्ध्या वर्तुळात शिम घातला की उरलेल्या जागी हाउसिंग हवेत राहते आणि तिचे बोल्टचे कान तडकतात. ते तोंड मशिनवरच सपाट करायला लागतं. गावातल्या लेथवर एवढा मोठा तुकडा धरता येत नाही, नागपूरला हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत नाहीतर अमरावतीला न्यावा लागतो. अडॅप्टर प्लेट असेल तर तीही सोबत न्या, आणि शक्य असेल तर हाउसिंगला जोडूनच कापून घ्या.

बॉक्स चढवताना

इतकं सगळं जमवून चढवताना बिघडवतात. ट्रकचा बॉक्स माणसाच्या वजनापेक्षा जड असतो, आणि बल्ली लावून तीन जणांनी वर ढकलताना शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरला की सगळे हात सैल सोडतात. पूर्ण वजन त्या क्षणी प्लेटच्या हबवर येतं आणि प्लेट वाकते. दिसत नाही, पण वाकते. मग क्लच कटत नाही आणि पुन्हा सगळं खाली.

दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि वरच्या दोन भोकांत गाइड म्हणून पिळून ठेवा. बॉक्स त्यांच्यावर चढला की वजन त्यांच्यावर राहतं, आणि सरळ सरकत आत जातो. चेन कप्पी किंवा ट्रॉली जॅक हवाच. शेवटच्या बोटभर अंतरावर बॉक्स अडला तर बोल्ट लावून ओढून घेऊ नका. अडला म्हणजे कशाला तरी अडला आहे, स्प्लाइन जुळली नाही किंवा प्लेट सेंटरला नाही. आउटपुट फ्लँज हाताने हळू फिरवा, टॉपमध्ये ठेवून. बसायचा तर हाताने बसतो.

मागचा सपोर्ट विसरू नका. नवा बॉक्स लांब असेल आणि मूळ क्रॉस मेंबर त्याच्या खाली येत नसेल, तर बॉक्स पुढून धरलेला आणि मागून लोंबता राहतो. तुम्ही सकाळी आठ थाउमध्ये आणलेलं सेंटर पहिल्या खड्ड्यात वाकतं.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते हे सगळ्यांना माहीत असतं, कापून वेल्डिंग करतात. दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहिले पाहिजेत, हे मात्र वेल्डरला उभं राहून सांगावं लागतं. शिवाय बॉक्सच्या फ्लँजचा आणि डिफरन्शियलच्या फ्लँजचा कोन जुळता ठेवायचा, नाहीतर दर फेऱ्याला दोनदा झटका बसतो, गाडी थरथरते, आणि त्या थरथरीनेही टॉप सुटू शकतो. बॅलन्सिंग करूनच घ्या. स्पीडोमीटरचा काटा चुकीचा दाखवेल, कारण त्याचा छोटा गिअर जुन्या बॉक्सचा आणि मागचा रेशो दुसऱ्या गाडीचा. ते नंतर बघता येतं.

ऑइलबद्दल एवढंच: बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतील तर जीएल-५ टाकू नका, त्यातलं गंधक पितळेला खाऊ शकतं. जीएल-४ घ्या. सिंक्रो नसलेला, डबल क्लच मारून चालवायचा जुना बॉक्स असेल तर त्याच्या मॅन्युअलमधली ग्रेड.

तरीही सुटला तर

गाडी भरून परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटासारख्या चढ-उतारावर न्या आणि लिव्हरला हात न लावता चालवा. परत आल्यावर बॉक्सचे आणि हाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळून बघा. सेंटर बरोबर, लिव्हर मोकळा, सपोर्ट पक्का, आणि तरी टॉप सुटला, तर आता बॉक्स खोला. मेन शाफ्टचं पुढचं टोक ड्राइव्ह शाफ्टच्या पोकळीत रोलरांवर फिरतं. तिथली खेळी बघा, रोलर आणि त्यांची जागा दोन्ही. बाहेरून सेंटर कितीही नीट आणलं तरी इथे खेळी असेल तर दोन्ही शाफ्ट वेगवेगळ्या रेषेत डोलत राहतात. मग स्लीव्हचे दात आणि ड्राइव्ह शाफ्टवरचे डॉगचे दात उजेडात धरा. जे दात एका बाजूने उतरते झालेत ते नव्या दातांनाही तसंच करतात. स्लीव्ह नवी आणि ड्राइव्ह शाफ्ट जुना अशी जोडी लावली तर स्लीव्ह पुन्हा लवकरच गोल होईल. दोन्ही एकत्र बदला, आणि ते मिळत नसतील तर दोन्ही एकाच बॉक्समधून काढलेले घ्या.